हमीदचे नाव तेवढे राहिले

रहस्यकथेला मराठी साहित्याने घरात घेतले खरे, पण ओसरीच्या पुढे येऊ दिले नाही. उर्दूतही वेगळे काही घडले नाही. 'जासूसी अदब' म्हटले की जुन्या उस्तादांच्या कपाळाला आठी पडायची. वाङ्मयेतिहासाने तिला दोन-चार ओळींत आटोपले आणि वाचकाने मात्र ती उशाशी ठेवली. आम्हा उर्दू शाळेत शिकवणाऱ्यांना मराठी आणि उर्दू ही दोन्ही कपाटे उघडी असतात. ती शेजारी ठेवून वाचताना एक प्रश्न सतत समोर येतो. गुन्ह्याच्या कथेत कोणते नाव कुठल्या जागी बसते? खुनी कोण आणि त्याला शोधणारा कोण?

या प्रश्नाची सुरुवात आपल्याच मुलखातून करावी लागते. निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याचा वावर तुळजापूर, नळदुर्ग या भागात होता. ठगांच्या जबान्या त्याने ऐकल्या आणि १८३९ मध्ये लंडनहून एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा निवेदक अमीर अली हा मुसलमान ठग. रुमालाने गळा आवळून केलेल्या खुनांची हकिगत तो स्वतःच्या तोंडाने, थंडपणे सांगतो. विलायतेत पुस्तक हातोहात खपले. मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या काळ्याकुट्ट गुन्हेकथेचा हा आरंभीचा नमुना मानावा लागेल.

टेलर आपल्या लोकांत मिसळणारा होता, त्याला इथल्या भाषा येत होत्या. त्याच्यावर सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. त्याने टोळीत हिंदू आणि मुसलमान दोघेही दाखवले आहेत. पण कादंबरीचा पाया होता माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या. जीव वाचवायला बोलणाऱ्या माणसाचे बोलणे किती खरे धरायचे, हा प्रश्न आजचे इतिहासकार विचारतात. त्या काळी कायद्याने तो विचारला नाही. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याप्रमाणे अमुक माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप होती. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि माणूस पाळण्यातच गुन्हेगार ठरू लागला. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या शिक्क्यातून मुक्त झाल्या. शिक्का कागदावरून गेला. मनातून किती गेला, ते लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ मध्ये सांगितले.

त्याच १९५२ सालच्या मार्चमध्ये अलाहाबादेत एका तरुण शिक्षकाची कादंबरी आली, 'दिलेर मुजरिम'. लेखकाचे नाव असरार अहमद, टोपणनाव इब्ने सफी. त्यांच्याआधी उर्दूत ही वाट अगदीच मोकळी नव्हती. पोलीस अधिकारी असलेल्या जफर उमर यांची 'नीली छतरी' होती, तीरथराम फिरोजपुरींनी केलेले इंग्रजी गुन्हेकथांचे ढीगभर अनुवाद होते. पण अश्लीलतेशिवाय उर्दू पुस्तक खपत नाही, असा समज होता. इब्ने सफींनी तो खोटा पाडला. खून, कट, विकृती सगळे लिहिले. लेखणी मात्र मळू दिली नाही. ते पुढे कराचीला गेले, पण पुस्तके दोन्ही देशांत निघत राहिली. १९८० साली त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा सुमारे अडीचशे कादंबऱ्या मागे होत्या.

त्यांच्या 'जासूसी दुनिया'त गुन्हा शोधणारे दोघे, फरीदी आणि हमीद. दुसऱ्या मालिकेत इमरान. हीच पुस्तके नागरी लिपीत, हिंदीत निघाली तेव्हा काय झाले पाहा. फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. प्रकाशकाने बाजार पाहिला असेल, त्यात द्वेष शोधायचे कारण नाही. पण अर्थ उघड आहे. साहाय्यक हमीद चालतो. सगळ्या शहाणपणाचा मालक फरीदी असला तर वाचक बिचकेल, असे कुणाला तरी वाटले. पुस्तके तरीही तुफान खपली. वाचक खरोखर बिचकला असता का, हे पाहायची संधीच त्याला मिळाली नाही.

मराठीत याचे उत्तर थोडेफार मिळते. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजे आपले बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळापहाड यांच्यासाठी लोक वाचनालयात नंबर लावत. अक्षरओळख विसरू पाहणाऱ्या कितीतरी माणसांना या पुस्तकांनी वाचते ठेवले. नंतर पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन यांच्या जोडीला फिरोज इराणी हा नायक उभा केला. मराठी वाचकाने त्याला नाव बदलायला सांगितले नाही. आम्हाला ही लहान गोष्ट वाटत नाही.

आता आमच्या पिंपरी-चिंचवडकडे येऊ. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी वाढली, मग कारखाने चाकणपर्यंत पसरले. लातूर, बीड, सोलापूरपासून उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे इथे पोट भरायला आली. गुन्हेही वाढले, १५ ऑगस्ट २०१८ पासून शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. रात्रपाळी, भंगाराची गोदामे, ठेकेदारी, चढलेले जमिनीचे भाव, एका खोलीत दहा-दहा परप्रांतीय कामगार, यांत एका दमदार गुन्हेकादंबरीचे सगळे सामान पडून आहे. लिहिणारा हवा.

ती कुणी लिहील तेव्हा त्यात मुसलमान गुन्हेगार नको, असे आमचे म्हणणे नाही. गुन्हा कुठल्या कौमेची मक्तेदारी नसतो, तसा कुठली कौम त्यातून सुटलेलीही नसते. आमचे मागणे एवढेच की भंगारवाल्या अब्दुलवर संशय घेणारी कथा त्याला बोलू द्यावी, आणि पुरावे जुळवणारी, चुकणारी, पुन्हा शोधणारी व्यक्ती एखादी हमीदा असायलाही हरकत नसावी. वर्गातली मुले उद्या वाचक होतील. मोबाइलवरच्या बातमीत त्यांना नाव आधी दिसते, पुरावा मागाहून येतो, कधी येतही नाही. चांगली रहस्यकथा नेमके उलट करते. ती शेवटच्या पानापर्यंत कुणालाही नावावरून दोषी धरू देत नाही. शाळेत शिकवायला याहून उपयोगी धडा आम्हाला तरी सापडलेला नाही.