चिनी व्यापाऱ्याची चोपडी

चीनमधील पेढ्यांवर सुआनपान, म्हणजे हिशेबाची मण्यांची पाटी, शतकानुशतकें चालत आली. वर दोन मणी, खालीं पांच. मुरलेल्या कारकुनाचीं बोटें तीवर फिरूं लागलीं कीं पाहणाऱ्यानें थक्क व्हावें. या पाटीला संगणकानें हटविलें असें म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे.

१९८८ सालीं बीजिंग येथें वांग वेन्जिंग व सू छीछियांग या दोघांनीं हिशेबाचें सॉफ्टवेअर विकणारी योंगयौ नांवाची पेढी काढली. परंतु त्या काळीं कारखान्याची खतावणी निराळी, दुकानाची निराळी. सरकारी पेढीची रीत एक, तर सामुदायिक पेढीची दुसरी. प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं स्वतंत्र सॉफ्टवेअर रचावें, तर लहान व्यापाऱ्यास तें परवडावें कसें? १ जुलै १९९३ रोजीं सरकारनें सर्व धंद्यांना हिशेबाचीं समान मूलतत्त्वें लागू केलीं आणि नावें-जमेची दुहेरी नोंद सक्तीची केली. तेव्हां कोठें बटणांचा कारखानदार आणि खाणावळवाला यांना थोडक्या फेरफारानें एकच सॉफ्टवेअर चालूं लागलें. त्याच वर्षीं शेन्झेन येथें श्यू शाओछुन यांनीं किंगडी ही पेढी स्थापिली.

खरा रेटा मात्र कराचा होता. १९९४ पासून मूल्यवर्धित कराची नवी व्यवस्था आली. खरेदीच्या बीजकावर दाखविलेला कर विक्रीच्या करांतून वजा होई. अर्थात् बीजकाच्या कागदालाच नाण्याचें मोल आलें! बनावट बीजकांचा सुळसुळाट झाला. १९९५ सालीं या अपराधाला देहान्ताची शिक्षा ठरली. ती २०११ सालीं रद्द झाली. शिक्षेपेक्षां यंत्र अधिक कामीं आलें. हीं बीजकें संगणकावरच काढण्याचा नियम होऊन २००३ सालीं हस्तलिखित बीजकें बंद पडलीं. अशा रीतीनें, मालकाची इच्छा असो वा नसो, संगणक गल्ल्याशेजारीं येऊन बसला.

साठा, खरेदी व उत्पादन हीं सर्व एकत्र गुंफणारें मोठें सॉफ्टवेअर घेण्यास मात्र लहान मालक फार काळ कचरत राहिला. यांत त्याचा अडाणीपणा पाहणें अन्यायाचें होईल. कोणता पुरवठादार किती दिवस उधार थांबतो हें त्याच्या मनांत असे. तें लिहून ठेवणें म्हणजे नोकराच्या हातीं धंद्याची किल्ली देणें. शिवाय कित्येकांच्या घरीं दोन चोपड्या असत, एक कर-अधिकाऱ्यासाठीं व एक स्वतःसाठीं. १ डिसेंबर २०२४ पासून चीनभर पूर्ण डिजिटल बीजकें लागू झालीं. या बीजकाचा क्रमांक करखात्याच्या यंत्रणेंतूनच मिळतो, आणि विक्रीची नोंद मालकाच्या चोपडीआधीं तेथें होते.