कॅमेऱ्याची किंमत आणि कॅमेऱ्याचे मोल

कुंभकोणमजवळचे साक्कोट्टै हे गाव तेथील अमृतकलशनाथाच्या मंदिरामुळे शैव भाविकांना परिचित आहे. संत सुंदररांनी या स्थानावर स्तोत्र रचले. कावेरीकाठच्या अशा देवालयांच्या मंडपांत भर दुपारीही उजेड बेताचाच असतो आणि शिळांवरील अक्षरे ऊनपावसाने हळूहळू झिजत असतात. त्यांची छायाचित्रे घ्यावयाची, तर डिजिटल रेंजफाइंडर आणि मिररलेस या दोन कॅमेऱ्यांपैकी अधिक मोलाचा कोणता? प्रश्न नवा असला, तरी छायाचित्रणाचे मोल ठरविण्याचा प्रसंग याच मुलखात फार पूर्वी एकदा येऊन गेला आहे.

तंजावरचे राजे दुसरे शिवाजी भोसले 1855 मध्ये निवर्तले, आणि जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची मराठी राजवट तेथे संपली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1858 मध्ये, मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनियस ट्राइप तंजावरास आला. बृहदीश्वराच्या विमानाच्या पायथ्याशी कोरलेले लेख त्याने तुकड्यातुकड्याने टिपले आणि 21 चित्रे एकापुढे एक जोडून 19 फुटांहून लांब पट्टा सिद्ध केला. परंतु 1859 मध्ये गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांना हा उद्योग सरकारी तिजोरीस न परवडणारी चैन वाटला, आणि तो बंद करण्यात आला. खर्चाचा हिशेब कदाचित बरोबर असेल. मोलाचा मात्र चुकला. ते लेख 1858 मध्ये कसे दिसत होते, याची साक्ष आज तो कागदी पट्टाच देतो.

आता प्रस्तुत दोन यंत्रांकडे वळू. रेंजफाइंडर म्हणजे अंतर मापणारा कॅमेरा. त्याच्या दर्शनी बाजूस परस्परांपासून थोड्या अंतरावर दोन झरोके असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा, भिंगाचे कडे फिरवून, एकमेकींवर तंतोतंत बसविल्या की अंतर जुळले. लायका कंपनीने 1932 मध्ये हे साधन भिंगाशी जोडले आणि 1954 च्या एम-3 या कॅमेऱ्यात त्यास परिपक्व रूप दिले. त्याचा पहिला डिजिटल अवतार 2004 मध्ये एप्सन कंपनीने काढला. लायकाचा एम-8 त्यानंतर 2006 मध्ये आला. मिररलेस कॅमेऱ्याची रीत निराळी आहे. त्यात आरसा नसतो. भिंगातून आलेला प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि तेच दृश्य छोट्या पडद्यावर दिसते. 2008 च्या पॅनासॉनिक जी-1 पासून हा प्रकार रूढ झाला.

शिलालेखाच्या कामास मिररलेस निःसंशय सरस ठरतो. जे भिंगास दिसते तेच डोळ्यास दिसत असल्याने अक्षरांची ओळ चौकटीत नेमकी बसविता येते. अंधुक दृश्य पडद्यावर उजळून, मोठे करूनही पाहता येते. रेंजफाइंडरचा झरोका भिंगापासून बाजूला असतो. त्यामुळे जवळच्या वस्तूची चौकट किंचित सरकते, आणि त्याची बहुतेक भिंगे सुमारे 70 सेंटिमीटरच्या अलीकडचे टिपू शकत नाहीत.

उलट, कुंभकोणमचा महामहम उत्सव घ्या. बारा वर्षांनी येणारे हे पर्व 2016 मध्ये झाले. अशा गर्दीत रेंजफाइंडरच्या झरोक्यातून चौकटीबाहेरचीही माणसे दिसतात; कोण आत येत आहे हे आधी कळते, आणि क्षण हातचा जात नाही. हा त्याचा खरा गुण होय.

किमतीत मात्र लायका बहुतेक मिररलेसच्या कितीतरी पुढे आहे. तिचे समर्थन टिकाऊपणाने केले जाते. पण 2009 च्या एम-9 मधील सेन्सरच्या काचेस क्षरण होते, हे पुढे निर्मात्यांनीच मान्य केले. टिकते ते भिंग. 1954 चे एम जातीचे भिंग आजच्या लायकावर बसते. इतकेच नव्हे, तर मिररलेसमध्ये आरशासाठी जागा राखावी लागत नसल्याने, मधे एक कडे घालून ते त्यावरही बसते. चांगले भिंग बाळगणाऱ्याने केवळ त्याच्यासाठी महाग देह घ्यावाच, असे बंधन उरलेले नाही.

ट्रेव्हेल्यन यांनी खर्च पाहिला आणि मोल ओळखले नाही. आजचा हौशी ग्राहक याच्या उलट चूक करतो: किंमत मोठी म्हणून मोलही मोठे मानतो. देवळांच्या नोंदीचे काम ज्यास करावयाचे आहे, त्याने साधा मिररलेस घ्यावा आणि वाचलेला पैसा प्रवासास लावावा. ट्राइपचे यंत्र कितीला पडले, हे आज कोणी विचारीत नाही. पट्ट्यावरची अक्षरे तेवढी वाचली जातात.