टर्कीची वसंतकालीन शिकार

टर्कीची वसंतकालीन शिकार : रानटी टर्की पक्ष्याच्या नराला मादीच्या आवाजाची नक्कल करून बंदुकीच्या टप्प्यात बोलावणे व मारणे, असे या शिकारीचे स्वरूप आहे. ती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मार्च ते मे या महिन्यांत, म्हणजे पक्ष्याच्या ऐन विणीच्या हंगामात केली जाते. शिकारीच्या सर्वसाधारण नियमांत विणीचा काळ निषिद्ध मानला जातो. टर्कीच्या बाबतीत मात्र तोच काळ मुद्दाम मोकळा ठेवण्यात आला आहे. या अपवादामागे एक जीववैज्ञानिक युक्तिवाद आहे, तसाच नामशेष होऊ घातलेल्या एका पक्ष्याच्या पुनःस्थापनेचा इतिहासही आहे. हा युक्तिवाद कितपत टिकतो, हा प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा उपस्थित झाला आहे.

रानटी टर्कीचे शास्त्रीय नाव मेलिॲग्रिस गॅलोपाव्हो असे असून मोर, तितर, रानकोंबडा यांच्या फॅजिॲनिडी कुलात त्याचा समावेश होतो. मेक्सिकोपासून कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत त्याचे उपप्रकार आढळतात. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणपणे ७ ते ११ किग्रॅ. भरते, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. नराच्या छातीवर राठ केसांसारख्या पिसांची दाढी लोंबते व पायांच्या मागील बाजूस टोकदार आरा असतात. डोके व मान यांवर पिसे जवळजवळ नसतात आणि तेथील कातडीचा रंग पक्ष्याच्या मनःस्थितीप्रमाणे तांबडा, पांढरा व निळा असा पालटतो.

पाळीव टर्की मेक्सिकोतील मूळ रहिवाशांनी माणसाळविलेल्या वाणापासून आली. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती यूरोपात नेली. जहांगीर बादशहासाठी मुकर्रबखानाने १६१२ मध्ये गोव्याहून जे दुर्मिळ प्राणी व पक्षी आणले, त्यांत टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्यामानेचे पालटते रंग पाहून बादशहा चकित झाला व आपल्या आठवणींत त्याने ते आवर्जून नोंदविले. दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले या पक्ष्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीरला ज्याचे नवल वाटले तो रंगबदल म्हणजे नराच्या वसंतातील प्रणयप्रदर्शनाचाच एक भाग होय.

हिवाळ्यात टर्कीचे थवे मोठे असतात. दिवस मोठा होऊ लागला की ते फुटतात आणि नर साद घालू लागतो. ही घोगरी, खळखळती साद शांत पहाटे एक किमी.हून अधिक अंतरावर ऐकू जाते. तो शेपटीचा पंखा उभारतो, पंख जमिनीला घासत चालतो व छातीतून घुमल्यासारखा खोल आवाज काढतो. साद ऐकून माद्या त्याच्याकडे येतात. एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. मादीच्या शरीरात शुक्राणू कित्येक आठवडे टिकून राहतात, त्यामुळे एका समागमावर तिची सर्व अंडी फलित होऊ शकतात. ती साधारणपणे १० ते १२ अंडी घालून ती सु. २८ दिवस एकटीच उबविते. नराचा त्यात काहीही वाटा नसतो. वसंतकालीन शिकारीचा युक्तिवाद यावरच उभा आहे. मादीला हात न लावता, समागमाचे काम आटोपलेला नर मारला तर पुढील पिढीला झळ पोहोचत नाही, असे तो सांगतो.

या शिकारीची सारी अडचणही याच वर्तनात दडलेली आहे. निसर्गक्रमात मादी नराकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावे अशी अपेक्षा धरतो. म्हणजे त्या पक्ष्याच्या रीतीच्या नेमके उलट वागण्यास तो त्याला प्रवृत्त करीत असतो.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील मूळ रहिवासी टर्कीची शिकार करीत आणि तिच्या पंखांच्या पोकळ हाडांपासून हाक देण्याची साधने बनवीत. यूरोपीय वसाहतवाले आले तेव्हा पक्षी विपुल होता. प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने १६२१ च्या शरद ऋतूतील रानटर्कींच्या समृद्धीचा उल्लेख केला आहे. त्या काळात हंगाम, संख्या, नरमादी यांपैकी कशाचाच विधिनिषेध नव्हता. पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन याने ओंडक्यांच्या पिंजऱ्याचे वर्णन केले आहे. पिंजऱ्याखालून एक चर खणून त्यात मका पसरीत. दाणे टिपत पक्षी चरातून आत जाई आणि मान वर करून ओंडक्यांच्या फटींतून वाट शोधत राही. ज्या चरातून आला तो पायाशीच उघडा असूनही तिकडे त्याचे लक्ष जात नसे. बाजारासाठी चाललेली अशी धरपकड व शेतीसाठी झालेली जंगलतोड यांचा परिणाम अटळ होता. कनेक्टिकटमधून टर्की १८१३ पर्यंत व मॅसॅचूसेट्समधून १८५१ पर्यंत नाहीशी झाली. १९२० च्या सुमारास मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांत ती उरली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी बुरशीमुळे अमेरिकन चेस्टनट वृक्ष मरू लागले व तिचे एक मोठे अन्नही गेले. उरलेले पक्षी दक्षिणेकडील दलदलीत व दुर्गम डोंगरांत टिकून राहिले. वसंतात हाकेवर नर बोलाविण्याची कलाही त्यांच्याबरोबर तेथेच जगली. चार्ल्स जॉर्डन यांच्या टिपणांवर आधारलेले एडवर्ड मॅकिल्हेनी यांचे पुस्तक (१९१४) हा या दाक्षिणात्य परंपरेचा महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो.

बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर लेसी कायद्याने (१९००) बंदी घातली. पुढे पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार (१९३७) बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवसंवर्धनासाठी राज्यांना मिळू लागले. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात ओस पडलेल्या शेतांवर पुन्हा रान माजले होते. प्रश्न होता तो तेथे पक्षी आणून सोडण्याचा. कित्येक राज्यांनी खुराड्यांत वाढविलेले हजारो पक्षी रानात सोडले आणि ते बहुतेक सारे मेले. आईविना वाढलेल्या पिलाला ससाण्याची सावली ओळखणे, झाडावर रात्र काढणे कोणी शिकविलेले नसते. ही साधी गोष्ट ध्यानात येण्यास काही दशके खर्ची पडली. रानातील पक्षीच पकडून अन्यत्र नेणे हा खरा उपाय होता, पण इतका सावध पक्षी जिवंत हाती लागणार कसा? बदकांसाठी बनविलेले तोफजाळे, म्हणजे लहान तोफांच्या साहाय्याने आमिषावर जमलेल्या थव्यावर फेकले जाणारे मोठे जाळे, १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात टर्कीसाठी वापरण्यात आले आणि ही अडचण दूर झाली. न्यूयॉर्कमध्ये पकडलेले अवघे ३७ पक्षी १९७२–७३ मध्ये मॅसॅचूसेट्सच्या बर्कशर भागात सोडण्यात आले. १९८० मध्ये तेथे वसंतातील हंगाम उघडता आला. आज बॉस्टनच्या उपनगरांतील रस्त्यांवर टर्की वाहने अडवून उभ्या असलेल्या दिसतात.

मिसूरी राज्याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तेथे १९३७ मध्ये टर्कीची शिकार बंद करण्यात आली होती. पक्ष्यांची पुनर्वसाहत सुरू झाल्यावर १९६० च्या वसंतात केवळ तीन दिवसांचा हंगाम ठेवण्यात आला व त्यात ९४ नर मारले गेले. २००४ च्या वसंतात त्याच राज्यात ६० हजारांहून अधिक पक्षी मारल्याची नोंद झाली. देशातील एकूण संख्या १९७३ मध्ये सु. १३ लाख होती, ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी ६५ लाखांच्या पुढे गेली. नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही शिकारी व संवर्धक यांची संस्थाही १९७३ मध्येच स्थापन झाली. अलास्का वगळता सर्व राज्यांत आता वसंतातील हंगाम असतो. हवाईसारख्या ज्या राज्यांत हा पक्षी मुळात नव्हता, तेथेही तो नेऊन सोडलेला आहे.

शिकारीची पद्धत : शिकारीला सुरुवात आदल्या सायंकाळीच होते. नर रात्र काढण्यासाठी कोणत्या झाडावर चढतो, हे शिकारी दुरून हेरून ठेवतो. झाड नेमके न कळल्यास तो घुबडाचा घूत्कार करतो. पट्टेरी घुबडाची आठ स्वरांची हाक ऐकताच वसंताच्या भरात असलेला नर राहवत नसल्यासारखा साद देतो व आपला ठावठिकाणा उघड करतो. कावळ्याच्या ओरडण्यानेही हे साधते. पहाटे अंधार असतानाच शिकारी त्या झाडापासून शंभर-दीडशे मी. अंतरावर, आपल्या खांद्यांहून रुंद अशा बुंध्याला पाठ टेकून बसतो. त्यामुळे त्याची आकृती झाडात मिसळते आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यापासून त्याचे रक्षणही होते. टर्कीची घ्राणेंद्रिये मंद असली, तरी दृष्टी विलक्षण तीक्ष्ण असते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने तिला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते व हाताची किंचित हालचालही सुटत नाही.

उजाडू लागले की शिकारी झाडावरील जाग्या झालेल्या मादीसारखा हलका आवाज काढतो. नराने उत्तर दिले की बहुधा गप्प राहावे, असे जाणते शिकारी सांगतात. फार बोलणाऱ्या मादीची वाट पाहत नर जागीच थांबतो. खाली उतरल्यावर खऱ्या माद्या भोवती असतील, तर तो त्यांच्यामागे जातो आणि सकाळ फुकट जाते. कित्येकदा तो टप्प्याबाहेर, पन्नास-साठ पावलांवर थांबून पिसारा फुलवितो आणि मादीने आता पुढे यावे, अशी वाट पाहतो. मध्ये एखादा ओढा किंवा कुंपण असल्यास तेवढ्यावरही तो अडतो. माद्या सकाळी उशिरा अंडी घालण्यास निघून गेल्या की एकटा पडलेला नर पुन्हा हाकेला वश होतो. घाईने घरी परतणाऱ्या शिकाऱ्याला हे कळत नाही. बंदूक छऱ्यांची असते व नेम डोक्यामानेवर धरतात. सु. ३५ मी.च्या आत पक्षी येईपर्यंत थांबावे, असा जुना दंडक आहे. टंगस्टनच्या जड छऱ्यांमुळे हा पल्ला अलीकडे वाढला. कलेच्या दृष्टीने हा लाभ म्हणावा की हानी, याविषयी शिकाऱ्यांतच मतभेद आहेत.

हाकेची साधने अनेक प्रकारची आहेत. पंखातील हाडांच्या नळीतून श्वास आत ओढून आवाज काढणे हे सर्वांत जुने. लाकडी पेटीच्या कडेवर झाकण घासून आवाज काढणाऱ्या साधनाचे एकस्व (पेटंट) आर्कॅन्सॉमधील हेन्री गिब्सन यांना १८९७ मध्ये मिळाले. पाटीच्या दगडावर लाकडी काडी फिरविण्याची व टाळ्याला पातळ पडदा धरून फुंकण्याची साधनेही प्रचलित आहेत. पडद्यामुळे दोन्ही हात बंदुकीवर ठेवता येतात, म्हणून शेवटच्या क्षणी तोच उपयोगी पडतो.

आवाजाला भुलतो तो केवळ पक्षीच नव्हे. माणसाने काढलेला आवाज खरा समजून शिकाऱ्याने दुसऱ्या शिकाऱ्यावर बंदूक झाडल्याच्या घटना घडत आल्या आहेत. म्हणून नराच्या डोक्याचे रंग, म्हणजे तांबडा, पांढरा व निळा, अंगावर कोठेही दिसू देऊ नयेत असा नियम शिकविला जातो. काही माद्यांनाही दाढी असल्याने पुष्कळ राज्यांचे कायदे नराऐवजी ‘दाढी असलेला पक्षी’ असा शब्दप्रयोग करतात. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत शिकार दुपारी बाराला थांबवावी लागते; अंडी उबविणाऱ्या माद्यांना दुपारी उपद्रव होऊ नये, हा त्यामागील एक हेतू आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर आग्नेय व मध्य-पश्चिमेकडील अनेक राज्यांत टर्कीची संख्या व एका मादीमागील पिलांचे प्रमाण घटू लागले. समागम पुरा होण्याआधीच साद घालणारे प्रबळ नर मारले जातात व त्यामुळे वीण विस्कटते, अशी शंका काही संशोधकांनी मांडली. तसे असेल, तर या शिकारीचा मूळ आधारच डळमळतो. ॲलाबॅमा व जॉर्जिया यांनी २०२२ मध्ये हंगामाचा आरंभ पुढे ढकलला व शिकाऱ्यामागील पक्ष्यांची मर्यादा घटविली. टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम दोन आठवडे उशिरा सुरू करून मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मात्र टेनेसीच्या दक्षिण-मध्य भागात हंगाम दोन आठवडे लांबवून केलेल्या अभ्यासात विणीच्या यशात अपेक्षित सुधारणा आढळली नाही. घरट्यांची भक्षकांकडून होणारी लूट, पिलांना कीटक पुरविणाऱ्या गवताळ जागांचा ऱ्हास, पावसाळी थंड वसंत आणि रोग यांकडेही बोट दाखविले जाते. पुष्कळ राज्यांची वन्यजीव खाती दर उन्हाळ्यात माद्यांसोबतची पिले मोजतात. सर्वाधिक साद घालणारे व शिकारीत सर्वाधिक सापडणारे नर दोन वर्षांचे असल्याने, एखाद्या उन्हाळ्यात पिले कमी दिसली तर त्याची झळ शिकाऱ्याला त्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात जाणवते.