मिठाईचा धडा

मराठीत 'धडा' या शब्दाची दोन घरे आहेत. एक शाळेत आणि दुसरे बाजारात. शाळेतला धडा सर्वांना ठाऊक आहे. बाजारातला धडा मात्र हल्ली विसरत चालला आहे. दुकानदाराला एखादा जिन्नस भांड्यात, द्रोणात किंवा डब्यात घालून तोलायचा असेल, तर तो आधी रिकामे भांडे एका पारड्यात ठेवतो, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच भाराचे काहीतरी टाकतो आणि दोन्ही पारडी सारखी करून घेतो. यालाच धडा करणे म्हणतात. धडा झाल्यावर पुढे जे वजन पडेल ते केवळ मालाचे. माझे सारे आयुष्य पहिल्या प्रकारच्या धड्यांत गेले. या लेखात मात्र दुसऱ्याविषयी लिहायचे आहे. कारण दिवाळीच्या तोंडावर मिठाईच्या दुकानापुढे उभे राहिले की त्याची गरज हटकून जाणवते.

हा शब्द आपल्या एकट्याचा नाही. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त भोपाळला स्थायिक झाला आहे. रेल्वे स्थानकाच्या पूर्वेला, गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना अशोका गार्डन नावाची दाट वस्ती लागते, तिथे तो राहतो. सुट्टीत घरी आला असता तो सांगत होता, की तिकडे आजही एखादे वयस्क गिऱ्हाईक जिलेबी किंवा मावाबाटी घेताना हलवायाला 'धड़ा' करायला सांगते. कुठे भोपाळ आणि कुठे आपला सीमाभाग! पण हलवायापुढचे गिऱ्हाईक एकच, त्याची शंका एकच आणि त्या शंकेवरचा उपायही एकाच शब्दाचा.

मिठाई तोलून विकावी की नगावर, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. बेळगावचा कुंदा हा मऊ गोळा; त्याला नग नाहीच, तेव्हा तो तोलूनच द्यावा लागतो. नरसोबाच्या वाडीचे पेढे आणि कवठाची बर्फी, गोकाकचा करदंट, साताऱ्याचे कंदी पेढे यांना नग असतो. पण हातावर वळलेला एक पेढा दुसऱ्यासारखा भरत नाही, म्हणून तेही तोलूनच घेणे रास्त. याउलट पाकातला गुलाबजाम. तो तोलून घेतला तर पाकही त्याच भावाने पदरात पडतो, म्हणून तो नगावर बरा. बंगालात रसगुल्ला आणि संदेश नगावर विकण्याचा प्रघात आहे. नगाची गंमत अशी, की दूध-साखर महागली तरी नगाचा भाव तोच ठेवता येतो. फक्त नग जरासा लहान होतो. तोलून विकणाऱ्याला भाववाढ फळ्यावर लिहावी लागते. नगावर विकणाऱ्याला ती पाकात बुडवून ठेवता येते. दोन्ही पद्धतींत गैर काही नाही. मात्र दोन्हींत गिऱ्हाइकाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे वेगळे आहे. मिठाईच्या विक्रीचा इतिहास मला तरी या 'दिसण्याचा' इतिहास वाटतो.

तराजूचे वय फार मोठे. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत गारगोटीसारख्या कठीण दगडाची चौकोनी वजने सापडली आहेत आणि त्यांतली लहान वजने एकमेकांच्या दुपटीने वाढत जातात. हे साहजिकच आहे. दोन पारड्यांचा तराजू हाती असला, की कोणताही ढीग वजनाशिवायही बरोबर निम्मा करता येतो. निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा. शेर, अर्धा शेर, पावशेर, अदपाव, छटाक ही आपली उतरंड त्याच रीतीची. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त वजनमापांसाठी 'पौतवाध्यक्ष' हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. वजने लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची असावीत, अथवा पाण्याने वा लेपाने वाढणार नाहीत व उष्णतेने घटणार नाहीत अशा पदार्थाची असावीत, आणि दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी करून छाप मारावा, असा दंडक तिथे आहे. हा मेकल म्हणजे नर्मदेच्या उगमाकडचा डोंगराळ मुलूख, आजच्या मध्य प्रदेशातला. मनुस्मृतीनेही दर सहा महिन्यांनी वजने तपासण्याचे काम राजाकडे दिले आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे बाजारभावाबरोबर वजनमापांवर नजर ठेवण्याचे काम असे. राज्ये बदलली, पण ही शंका मात्र कायम राहिली.

गोंधळ होता तो शेराचा. शेर हे नाव एक, पण वजन गावोगाव निराळे. बंगाली पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना मण अवघा २८ पौंडांचा. त्याचा चाळिसावा भाग म्हणजे मुंबईचा शेर, तो जेमतेम ३१८ ग्रॅम भरे. दक्षिणेकडे चोवीस तोळ्यांचा कच्चा शेर चाले, सुमारे २८० ग्रॅमचा. त्यातच वजनी शेर वेगळा आणि धान्य मोजण्याचा मापी शेर वेगळा. आपल्या भागात एकीकडे इंग्रजी मुलूख, तर दुसरीकडे कोल्हापूर, सांगली, जत, रामदुर्ग अशी संस्थाने. अशा मुलखात परगावच्या माणसाने नुसते 'शेरभर द्या' म्हणून भागत नसे, 'कोणता शेर?' हे आधी विचारावे लागे.

हा गुंता सोडवण्याचा एक प्रयत्न १८७१ मध्ये झाला होता. त्या वर्षीच्या वजनमाप कायद्यात शेर हेच नाव ठेवून त्याचे वजन एक किलोग्रॅम ठरवण्यात आले होते. तो कायदा कागदावरच राहिला. अमलात येता, तर आज आपण 'किलोभर पेढे' म्हणण्याऐवजी 'शेरभर पेढे'च म्हणत असतो! पुढे १९३२ मध्ये मुंबई इलाख्याचा वजनमाप कायदा झाला आणि १९३९ मध्ये मध्यवर्ती कायद्याने ऐंशी तोळ्यांचा शेर प्रमाण ठरला.

त्या जुन्या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिच्यात एक मोठा गुण होता. १८३५ पासूनचा इंग्रजी चांदीचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा असे. पाच रुपये म्हणजे एक छटाक, वीस रुपये म्हणजे पावशेर, ऐंशी रुपये म्हणजे शेर. ज्याच्या गाठीला पाच रुपये असत, त्याच्या गाठीला सरकारी छापाचे एक वजनही असे. दुकानदाराच्या छटाकाविषयी शंका आली, तर दुसऱ्या पारड्यात पाच रुपये टाकून ती तिथल्या तिथे फेडता येई.

हिशेबही तसाच डोळ्यांपुढचा. रुपयाचे आणे सोळा, शेराचे छटाक सोळा. म्हणून शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे. बर्फी तीन रुपये शेर असेल, तर छटाकाला तीन आणे आणि पावशेराला बारा आणे. मणाचे शेर चाळीस, तेव्हा मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. पाटी न घेता हे तोंडी येई, कारण शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे घोकून घेतलेले असत. आज त्या पाढ्यांची थट्टा होते. पण चार बुके शिकलेल्या माणसाला दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे लागू नये, एवढे काम ते पाढे खचित करीत. ते गिऱ्हाइकाच्या बाजूचे शिक्षण होते.

मग दशमान पद्धती आली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांचा नवा कायदा १९५६ च्या अखेरीस झाला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. सीमेवरून माणसे दुभंगली. किलो मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना सारखाच आला. मेट्रिक पद्धतीचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. 'कोणता किलो?' असे विचारण्याची पाळी कोणावर आली नाही.

संक्रमणाच्या त्या काळात हिशेब साधा नव्हता. किलो म्हणजे जवळजवळ पावणेशहाऐंशी तोळे. दोन रुपये शेर असलेली मिठाई किलोने विकायची, तर भाव दोन रुपये चौदा नवे पैसे व्हायला हवा. पावशेर २३३ ग्रॅमचा, पाव किलो अडीचशेचा. या सतरा ग्रॅमांच्या फरकाचा हिशेब सामान्य माणसाला तोंडी येणे कठीण होते. छटाकाबरोबर छटाक-आण्याची गुरुकिल्ली गेली आणि पाढेही हळूहळू पुस्तकांतून गेले.

आता डब्याकडे वळू. पूर्वी मिठाई पळसाच्या द्रोणात किंवा कागदाच्या पुड्यात मिळे. द्रोणाचे वजन ते किती! तरीही चोख दुकानदार दुसऱ्या पारड्यात तसाच एक द्रोण टाकी. हा धडा. तराजूच्या दांडीतच खोट असली, तर हलक्या बाजूला जे बांधत तो पासंग. आणि बोटाने दांडी दाबून माल कमी देणे म्हणजे दांडी मारणे. आमची मुले शाळेला दांडी मारतात, तेव्हा तोही मापात खोट करण्याचाच प्रकार, असे मी त्यांना सांगत असतो. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. जे काही चाले, चांगले वा वाईट, ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चाले. सज्जन दुकानदाराचे झुकते मापही सर्वांना दिसे.

पुढे पुठ्ठ्याचे डबे आले, मग त्यांवर चकचकीत कागद आणि चित्रे आली. असा डबा सहज सत्तर-ऐंशी ग्रॅम भरतो. तो मिठाईबरोबर तोलला, तर पुठ्ठाही पेढ्याच्या भावाने विकला जातो. ही रक्कम किती, हे मी वर्गात गणित म्हणून घालतो. समजा, स्वातंत्र्यदिनी चारशे मुलांना प्रत्येकी एक पेढा द्यायचा आहे आणि पेढा पंचवीस ग्रॅमचा आहे. दहा किलो पेढे लागले. ते किलोच्या दहा डब्यांतून डब्यासकट तोलून आले आणि प्रत्येक डबा ऐंशी ग्रॅमचा निघाला, तर आठशे ग्रॅम पेढे कमी आले. आठशे भागिले पंचवीस, म्हणजे बत्तीस. सहाशे रुपये किलोच्या भावाने ही रक्कम चारशे ऐंशी रुपये होते, पण मुलांना रकमेपेक्षा दुसरा आकडा लवकर कळतो. रांगेच्या शेवटची बत्तीस मुले पेढ्याविना राहतात. आपण तोलून विकत घेतो आणि नगाने वाटतो. डब्याची खोट त्या दोहोंच्या मध्ये उघडी पडते. शाळेत रांगेच्या शेवटी बहुधा सर्वांत लहान मुले उभी असतात, हेही ध्यानात घ्यावे.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९७६ चा वजनमाप कायदा आणि त्याच्या जागी आलेला २००९ चा वैध मापन कायदा यांचा रोख एकच, की गिऱ्हाइकाने ज्या वजनाचे पैसे मोजले तेवढा निव्वळ माल त्याला मिळाला पाहिजे. डबा त्यात धरता येत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षातून एकदा सरकारी पडताळणी करून घ्यावी लागते. सुट्या मिठाईपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिण्याचे बंधनही १ ऑक्टोबर २०२० पासून घालण्यात आले होते. म्हणजे कौटिल्याचा पौतवाध्यक्ष आजही आहे. नाव तेवढे बदलले.

पण सरकारी निरीक्षक प्रत्येक दुकानापुढे उभा राहू शकत नाही. उभे असतो ते आपण. नव्या काट्यावर रिकामा डबा ठेवून एक कळ दाबली, की आकडा शून्यावर येतो. हाच आजचा धडा. त्याला क्षणभरही वेळ लागत नाही. कित्येक दुकानदार तो न सांगता करतात, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. जिथे तो होत नाही, तिथे बहुधा बोलायचे कोणी धाडस करीत नाही. सणाचा दिवस, मागे गर्दी, त्यात चाळीस-पन्नास रुपयांसाठी तोंड उघडले तर लोक चिक्कू म्हणतील, ही भीती. सुशिक्षित माणसाला ती अधिक वाटते. कमी शिकलेला आजोबा पाच रुपये पारड्यात टाकून शेर पडताळी आणि त्याचा पदवीधर नातू लखलखत्या आकड्यापुढे गप्प उभा राहतो, ही प्रगती म्हणावी की काय?

दुकानदाराला चोर समजावे असे मी म्हणत नाही. धडा करायला सांगणे हा आरोप नव्हे. तो व्यवहाराचा जुना शिष्टाचार आहे. त्यात दोन्ही बाजूंची अब्रू राहते. ज्याचे माप खरे, त्याला तो करून दाखवण्यात कमीपणा नाही. आणि ज्याने पैसे मोजले, त्याने काट्याकडे पाहण्यात ओशाळे वाटण्याचे कारण नाही. भोपाळच्या त्या वस्तीतल्या वयस्क गिऱ्हाइकांना हे अजून उमगते, तर आपल्याला का उमगू नये?

शाळेचे अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतात. पावकी गेली, निमकी गेली, छटाक गेला. बाजारातला हा एक धडा तेवढा अभ्यासक्रमात कधीच नव्हता, म्हणून तो कोणाला काढताही आला नाही. यंदाच्या दिवाळीत पेढे घेताना मुलांना बरोबर न्यावे आणि रिकामा डबा आधी काट्यावर ठेवायला त्यांनाच सांगू द्यावे.