सटन स्कार्सडेल हॉल

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील अठराव्या शतकातील उद्ध्वस्त सरदारी वाडा. चेस्टरफील्डच्या आग्नेयेस टेकडीच्या माथ्यावर उभा. पूर्वेला दरीपलीकडे बोल्सओव्हरचा किल्ला दिसतो, तर दरीतून एम-1 महामार्ग जातो.

ही जागा लीक घराण्याची. येथील जुन्या घराला इंग्लंडच्या यादवी युद्धात, 1643 मध्ये, पार्लमेंटच्या फौजेने वेढा घातला होता. राजनिष्ठ फ्रान्सिस लीक यांना 1645 मध्ये स्कार्सडेलचे अर्ल ही पदवी मिळाली. चौथे अर्ल निकोलस लीक यांनी 1724 ते 1729 या काळात वॉरिकचे वास्तुकार फ्रान्सिस स्मिथ यांच्याकडून, जुन्या घराचा काही भाग आत सामावून घेत, आजची वास्तू उभारली. पूर्वेकडील दर्शनी बाजूचे उंच कोरिंथियन स्तंभ आणि त्यांवरील त्रिकोणी शिखर यांतून स्मिथ यांची हातोटी दिसते. आतील चुनेगच्चीचे नक्षीकाम आर्तारी आणि वास्साली या इटालियन कारागिरांकडे सोपवले होते. या हौसेपायी घर कर्जात बुडाले. 1736 मध्ये निकोलस अविवाहितच वारले आणि अर्लपदही संपले.

हस्तांतर होत होत एकोणिसाव्या शतकात वाडा आर्कराइट घराण्याकडे आला. यांत्रिक सूतकताईने कापडधंद्याचे रूप बदलणाऱ्या रिचर्ड आर्कराइट यांचे हे वंशज. 1919 मध्ये विल्यम आर्कराइट यांनी मालमत्ता विकली. घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी ती राहण्यासाठी घेतलीच नव्हती. 1920 मध्ये छप्पर उतरवले गेले आणि आतले जे निघण्याजोगे होते ते विक्रीस निघाले. तीन दालनांचे लाकडी पॅनेलिंग फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात पोहोचले. चौथ्या दालनाचा प्रवास विलक्षण: वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या संग्रहातून ते हॉलिवूडमध्ये गेले, चित्रीकरणासाठी वापरले गेले आणि अखेर कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात स्थिरावले. ज्या भिंतींसाठी हे काम घडवले होते त्या मात्र डर्बीशरच्या पावसात उघड्या पडल्या. वाड्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा घाव हाच. त्याला ना युद्ध कारण होते, ना आग.

1946 मध्ये उरलेल्या भिंतीही दगडांसाठी पाडण्याचे ठरले होते. तेव्हा जवळच्या रेनिशॉ हॉलचे मालक, लेखक ऑस्बर्ट सिटवेल यांनी वाडा विकत घेऊन तो वाचवला. 1970 मध्ये सिटवेल कुटुंबाच्या आग्रहामुळे तो सरकारी देखभालीखाली आला. आता ‘इंग्लिश हेरिटेज’ त्याची निगा राखते. आत येण्यासाठी शुल्क नाही.

जतनाचे धोरण आहे त्या अवस्थेत भग्नावशेष टिकवण्याचे आहे, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. नवे छप्पर घालून नकली दालने उभारली, तर भिंती आज जे सांगतात ते झाकले जाईल. पॅनेलिंग गेल्याने विटांचा गाभा, शेकोट्यांच्या जागा, मजल्यांच्या खुणा उघड दिसतात, आणि त्या काळची बांधकामाची रीत येथे थेट वाचता येते. खरी चिंता उरलेल्या चुनेगच्चीची आहे. ते काम बंद, कोरड्या दालनासाठी केलेले होते. भिंतीत मुरलेले पाणी गोठून फुगते, तसा गिलावा सुटत जातो. भिंतींच्या माथ्यावरून पाणी आत उतरू न देणे आणि सुटू लागलेला गिलावा वेळीच आवळणे ही कामे म्हणूनच येथे कधी संपत नाहीत.