कमबॅकच्या गाण्याची कुळकथा

प्रो-रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो, दुखापत मात्र खरी असते. मल्ल सहा-आठ महिने घरी बसला की त्याची गोष्ट मध्येच तुटते आणि प्रेक्षक दुसऱ्याच्या मागे जातात. ती गोष्ट पुन्हा जोडून देतो दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. त्याला ‘पॅकेज’ म्हणतात, आणि त्याचा सगळा भार गाण्यावर असतो.

रेसलिंगमध्ये संगीत आलं ते एंट्रीच्या वाटेनं. १९४०च्या दशकात अमेरिकेत गॉर्जस जॉर्ज हा मल्ल भरजरी झगा घालून, एडवर्ड एल्गारच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’च्या सुरांवर डौलात रिंगकडे येई. चित्रांना संगीताची जोड देण्याची रीत खेळांच्या टीव्हीवर रुजली ती वेगळीकडून. १९६०च्या दशकात एनएफएल फिल्म्सनं अमेरिकन फुटबॉलचे सामने स्लो मोशनमध्ये दाखवले, पाठीमागे सॅम स्पेन्सचा वाद्यवृंद ठेवला, आणि चिखलानं माखलेला खेळाडू महाकाव्यातला वीर वाटू लागला.

१९८१मध्ये एमटीव्ही सुरू झालं. पुढच्याच वर्षी मेम्फिसमध्ये जेरी जॅरेटच्या कंपनीनं स्टीव्ह कर्न आणि स्टॅन लेन यांची ‘द फॅब्युलस वन्स’ ही जोडी उभी केली आणि लोकप्रिय रॉक गाण्यांवर त्यांचे व्हिडिओ काढले. शनिवारी सकाळच्या स्थानिक कार्यक्रमात ते लागत. त्यांत डावपेचांपेक्षा नखराच जास्त होता, तरी जोडी गाजली. मल्लाविषयीचं मत रिंगबाहेरही घडवता येतं, हे या धंद्याला तिथं उमगलं.

डब्ल्यूडब्ल्यूएफ या रेसलिंग कंपनीनं १९८५पासून जिम जॉन्स्टन हा संगीतकार घरचाच ठेवला. मल्लाच्या स्वभावाला बेतलेली धून मिळे आणि हक्कही कंपनीकडेच राहत. पण बाहेरच्या गाण्यात एक जास्तीची ताकद असते: ऐकणाऱ्याच्या आठवणी त्याला आधीच चिकटलेल्या असतात. म्हणून मोठ्या प्रसंगी पैसे मोजून बाहेरचं गाणं घेतलं जाई. एप्रिल २००१मध्ये ऑस्टिन आणि रॉक या मल्लांच्या, रेसलमेनिया या मोठ्या कार्यक्रमातल्या लढतीला लिंप बिझकिटचं ‘माय वे’ घेतलं, ते दोघांच्या खुन्नशीला नेमकं बसलं.

पुढच्याच महिन्यात, २१ मे २००१ला, सॅन होजेमध्ये जेरिको या मल्लाच्या तावडीतून ऑस्टिनला सोडवायला धावताना ट्रिपल एच या मल्लाच्या डाव्या मांडीचा क्वाड्रिसेप्स स्नायू फाटला. तशाच पायावर त्यानं लढत पुरी केली. तेव्हा तो खलनायक होता, प्रेक्षकांच्या शिव्या खाणारा. त्याच्या परतीच्या पॅकेजला कुणीही कर्कश, सूडानं पेटलेलं गाणं सुचवलं असतं. निवडलं गेलं मात्र यू-टूचं ‘ब्युटिफुल डे’.

ही निवड का साधली, ते गाण्याच्या बांधणीत दिसतं. कडवं दबक्या आवाजात, जवळजवळ पुटपुटत चालतं. ध्रुवपद आलं की गिटार आणि आवाज एकदम मोकळे सुटतात. शस्त्रक्रिया, अधू पाय, व्यायामशाळेतली चिकाटी ही दृश्यं याच चढणीवर बसली. गाण्यात राग नाही, त्यामुळे पडद्यावर सूडासाठी तळमळणारा खलनायक दिसत नाही. पुन्हा नीट चालता यावं म्हणून झटणारा माणूस दिसतो. शिवाय ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेला या गाण्याची ओढ वेगळीच होती. ऑक्टोबर २००१मध्ये यू-टूनं ते न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच गायलं होतं.

७ जानेवारी २००२ला त्याच सभागृहात ट्रिपल एच डेनिमचं जाकीट घालून आला, तेव्हा छप्पर उडेल असा जल्लोष झाला. मे महिन्यानंतर तो एकही लढत लढला नव्हता. त्याच महिन्यात त्यानं रॉयल रंबल ही लढत जिंकली आणि मार्चमध्ये टोरोंटोला जेरिकोला हरवून किताब घेतला.

बाहेरच्या गाण्याची किंमत पुढेही मोजावी लागते. प्रसारणाचे हक्क वेगळे, डीव्हीडीचे आणि स्ट्रीमिंगचे वेगळे. म्हणून जुन्या कार्यक्रमांच्या नव्या आवृत्त्यांत कित्येकदा गाणं बदललेलं असतं. चौकटी त्याच, संकलनही तेच, पण चढणीची जागा चुकते आणि पॅकेज पांगळं होतं. कमबॅकचं गाणं निवडणाऱ्यानं मल्लाची रिंगमधली प्रतिमा बाजूला ठेवावी आणि गेल्या महिन्यांत तो कशातून गेला एवढंच पाहावं. २००२च्या त्या पॅकेजनं घालून दिलेला हा धडा आजही तितकाच खरा आहे.