उतारवयात परदेशात नवी भाषा शिकताना

वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले गाव. अशा गावातून साठीपुढचे आईवडील मुलाकडे जर्मनीला जायला निघाले, की 'या वयात आता कुठली भाषा येणार?' हा प्रश्न हमखास निघतो. त्यातली शंका अर्धीच खरी आहे.

वयानुसार काही गोष्टी नक्की मंदावतात. ऐकू कमी येते, शब्द पटकन आठवत नाही, नवे उच्चार जिभेवर लवकर बसत नाहीत. पण संदर्भावरून अर्थ लावणे आणि शब्दसाठा वाढवणे वयस्कांनाही चांगले जमते. म्हणून वर्गात नाव घालण्याआधी कान तपासून घ्यावेत. 'डोक्यात शिरत नाही' असे वाटते तेव्हा पुष्कळदा ते नीट ऐकूच आलेले नसते.

मराठवाड्यातल्या माणसाला दुसरी भाषा तशी नवखी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चाले. बाजारात हिंदी किंवा दखनी बोलणारे आजही घरोघरी आहेत.

शिवाय मराठीची जर्मन शिकायला थेट मदत होते. इंग्रजीतून जर्मनकडे गेलेला माणूस तीन लिंगांना अडखळतो. मराठी माणसाला तो, ती, ते लहानपणापासून ठाऊक असतात. मात्र लिंगे जुळतीलच असे नाही. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी! आकड्यांत तर गंमतच आहे. पंचवीसमध्ये आपण आधी पाच आणि मग वीस म्हणतो, जर्मन माणूसही 'फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश' म्हणताना तेच करतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही आपल्याला परके नाही.

नियमांचे काय? नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, त्यासाठी भाषेची परीक्षा नसते. नोकरदाराच्या पती किंवा पत्नीला मात्र सहसा 'ए१' पातळी दाखवावी लागते, काही परवान्यांना त्यातून सूट आहे. नागरिकत्वासाठी 'बी१' लागते.

परीक्षा नसली तरी गरज असते. मुलगा-सून कामावर असताना छातीत दुखू लागले, तर ११२ वर पत्ता आणि त्रास सांगता आला पाहिजे. (भारतातही हाच क्रमांक आहे, तेवढे एक लक्षात ठेवणे वाचते.) रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी साध्या आजारासाठी ११६११७ हा वेगळा क्रमांक आहे. त्यामुळे शिकण्याची सुरुवात धड्यातल्या विमानतळापासून करण्यापेक्षा घरचा पत्ता, औषधांची नावे, 'हळू बोला' आणि 'मला समजले नाही' यांपासून करावी. पुढे शहरोशहरीच्या 'फोक्सहोखशूले' या प्रौढशिक्षण केंद्रांत माफक शुल्कात वर्ग मिळतात. तिथे शेजारी तुर्की किंवा युक्रेनियन आजी बसलेली असली, तर दोघींना जर्मनशिवाय पर्यायच उरत नाही.

भाषा शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, हा प्रचार जपून ऐकावा. २०१३ साली हैदराबादच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांमध्येही. पण ही माणसे अनेक वर्षे त्या भाषा बोलत आली होती; सत्तरीत सुरू केलेल्या जर्मनला तोच निष्कर्ष लावता येत नाही.